पाच मिनिटं आधी सुटलेला रोजा

खरं सांगते, मी हे लिहिणार नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा फोन उलटा ठेवून दिला, कारण हज करून आलेल्या आमच्या हज्जा सफीनाजने मला शपथ घातली होती की ही गोष्ट बिल्डिंगबाहेर जाता कामा नये. पण काल इथे अलेक्झांड्रियात अत्तारीनच्या बाजारातून येताना त्या दुकानाचं शटर अर्धं खाली बघितलं, आणि मला राहवेना. हज्जा रागावली तर रागावली. मी तिच्याच बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहते, त्यामुळे यातलं थोडं मी कानाने ऐकलंय आणि बाकीचं हज्जाने आणि ज्याची ही गोष्ट त्या माणसाने मला वेगवेगळं सांगितलंय, प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू घेऊन. गोष्ट उस्ता बिशाराची आहे, उस्ता म्हणजे आमच्याकडे कसबी कारागीर.

उस्ता बिशारा पंचाहत्तर वर्षांचा. अत्तारीनमध्ये एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली त्याचं दुकान, दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल आणि मागे भिंतभर बिस्किटांचे डबे. डब्यांत स्क्रू, बटणं, काचा, दोऱ्या. तो फक्त ट्यूनर दुरुस्त करतो. ट्यूनर म्हणजे रेडिओचा नुसता कान म्हणा ना. स्टेशन पकडायचं काम त्याचं, आवाज बाहेर काढायला शेजारी ॲम्प्लिफायरची वेगळी पेटी आणि दोन स्पीकर लागतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आमच्याकडची माणसं आखातात नोकरीला गेली ना, ती येताना हे घेऊन यायची. चंदेरी तोंड, लांबलचक काच, काचेमागे पिवळा दिवा आणि त्यात सरकणारा काटा. अलेक्झांड्रियात अजून कितीतरी घरांत ते चालू आहेत, आणि समुद्राची खारी हवा त्यांना आतून खाते म्हणून बिशाराचं पोट चालत आलं.

तो हे काम सैन्यात शिकला. पाच वर्षं कानाला हेडफोन लावून वाळवंटात बसला होता. आला तेव्हा डावा कान गेलेला आणि उजवा असा तयार झालेला, की बंद दाराबाहेरून सांगायचा, आतल्या पेटीत दोरी घसरतेय का कंडेन्सरच्या पात्यांना गंज चढलाय.

त्याचा एक नियम होता. दुरुस्ती झाली की तो लगेच उठायचा नाही. स्टेशन लावून बसून राहायचा, निवेदक आपल्या गावाचं नाव घेईपर्यंत. "अलेक्झांड्रिया" हा शब्द कानावर पडला की मगच पेटीला स्क्रू लावायचा. कधी पाच मिनिटांत नाव यायचं, कधी पाऊण तास लागायचा. घरातली बाई चहा टाकायची, दुसरा टाकायची, मग वैतागायची.

"उस्ता, आवाज येतोय की छान!"

"आवाज कोणाचाही येतो बाई. नाव येऊ दे."

पन्नास वर्षं त्याने हा नियम मोडला नाही. मोडला तो एकदाच, आणि तेच सांगायला बसलेय मी.

पण आधी तो किती थकला होता ते सांगू दे, नाहीतर तुम्ही त्याला बेफिकीर म्हणाल. डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने बायकोपासून, मार्सेलपासून, लपवला होता, म्हणजे असं त्याला वाटत होतं. मार्सेलने एक दिवस साखरेच्या जागी मुद्दाम मिठाचा डबा ठेवला. उस्ताने चहात दोन चमचे घातले, ढवळलं, प्यायला आणि तोंड वाकडं न करता संपवला.

"मीनाचे बाबा," मार्सेल म्हणाली (मीना त्यांचा मुलगा, तो सौदीत दम्मामला असतो), "आता दुकान बंद करा."

"चहा जरा खारट झालाय आज."

"मीठच आहे ते."

"मग बरोबर आहे."

एवढं बोलून तो दुकानात गेला. पण तिथेही आता काय होतं? गिऱ्हाईक यायचं ते कॅफेवाल्या पोरांचं. मागच्या वर्षी एकजण ट्यूनर घेऊन आला, म्हणाला, "उस्ता, आतलं सगळं काढून टाका, नुसता तो पिवळा दिवा लागला पाहिजे. आत आम्ही ब्लूटूथ बसवू."

"मग एक कंदील घे ना. वजनाला हलका."

"नाही हो, लोकांना जुनं आवडतं."

"जुनं आवडतं, फक्त त्याने बोलायला नको."

पण त्याने ते काम केलं. चार वेळा केलं तसलं काम. आतलं सगळं हलक्या हाताने सोडवून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, वर चिठ्ठी लावली. मार्सेलला म्हणाला, मेलेल्या माणसाचे कपडे घडी घालून ठेवल्यासारखं वाटतं.

हज्जा सफीनाज त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एक्क्याऐंशी वर्षांची, चौथ्या मजल्यावर एकटी राहते, साखरेने डोळे जवळजवळ गेलेत. नवऱ्याने कुवेतहून आणलेला ट्यूनर समोरच्या खोलीत, सकाळी उठल्यापासून चालू. आम्ही तिला किती वेळा सांगितलं की हज्जा, फोनवर सगळी स्टेशनं येतात. तिने माझा फोन हातात घेतला, काचेवरून बोट फिरवलं आणि परत दिला. "हे सपाट आहे ग. बोटाला काही सांगतच नाही." ट्यूनरचं बटण केवढं जड, माहितीये? एकदा फिरवून सोडलं की स्वतःच्या वजनाने पुढे जातं आणि हळू होत थांबतं. हज्जा म्हणते, त्याला हात लावला की नवऱ्याचा हात आठवतो, तोही असाच फिरवून सोडायचा. आणि दुसरं म्हणजे, जिथे ठेवलं तिथे राहतं. सकाळी उठून कोणाला विचारायला नको, कुठे गेलं माझं स्टेशन. काचेवर तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, अलेक्झांड्रियाच्या केंद्रावर. दिवा पिवळा, ठिपका लाल, काटा काळा. एवढं तिला अजून दिसतं. काटा ठिपक्यावर आला की झालं.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात काट्याची दोरी तुटली. ही दोरी एका मोठ्या चाकावरून आणि चार चिमुकल्या चाकांवरून फिरून येते, आणि काटा तिच्यावर चिमटा लावून बसवलेला असतो. हज्जाने बव्वाब ईद्रीसला, म्हणजे आमच्या दारवानाला, अत्तारीनला पिटाळलं.

लिफ्ट बंद होती. नेहमीच असते. उस्ता चार मजले चढून आला, प्रत्येक वळणावर टेकत. उस्ता ख्रिस्ती, त्यांचाही मोठा उपास तेव्हा चालू होता, त्याच्या पोटात रात्रीपासून पाण्याचा थेंब नव्हता. खिडकीतून बघावं तर समुद्रावर आभाळ काळंभोर. मार्चमधलं ते वादळ, हुसूम, आठ दिवस ठाण मांडतं ते, त्याच दिवशी यायचं होतं. त्याने दोरी ओवली. डोळ्यांना दिसेना म्हणून दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. बटण फिरवलं, कुराणपठण लागलं, स्वच्छ. काटा हाताने सरकवून लाल ठिपक्यासमोर आणला आणि चिमटा दाबला.

आणि बसला, नाव ऐकायला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पठण चालूच. तेवढ्यात मार्सेलचा फोन.

"कुठे आहात? वारा सुटलाय! ट्राम बंद पडायच्या आत या!"

"नाव येऊ दे."

"नावाने काय पोट भरणारे? तिथे अडकलात तर मी गुडघे घेऊन तुम्हाला शोधायला येऊ का?"

उस्ताने पेटीकडे बघितलं. पूर्वी काचेवरचे आकडे बघून त्याने शेजारचं एखादं स्टेशन पडताळलं असतं, पण आकडे आता नुसते मुंग्यांसारखे दिसायचे. थकला होता हो तो! पाय दुखत होते, उतरायचे चार मजले बाकी होते. त्याने स्क्रू लावले आणि उठला. हज्जा म्हणाली सुद्धा, "काय रे, आज इतक्या लवकर?"

"आज मला खात्री आहे," तो म्हणाला.

लागलं होतं ते कैरोचं केंद्र. डायलवर दोन्ही अगदी शेजारी शेजारी, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा. सूर्यास्ताआधी दोन्हीकडे पठणच असतं. आणि कैरोत सूर्य आमच्यापेक्षा पाच मिनिटं आधी बुडतो.

संध्याकाळी वादळ आलं. हज्जाने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, झडपा धाडधाड वाजत होत्या, कोपऱ्यावरच्या मशिदीचा आवाज येणं शक्यच नव्हतं. अजानच्या आधी कैरोचा निवेदक रोज सांगतो की ही वेळ कैरोची आहे, बाहेरगावच्यांनी आपल्या गावाचा फरक लक्षात घ्यावा. पण हे वाक्य आम्ही जन्मल्यापासून टीव्हीवर इतकं ऐकलंय की ते कानात शिरतच नाही, आणि हज्जा तेव्हा स्वयंपाकघरात वाटीत सूप वाढत होती. अजान झाली. तिने खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला, सूप अर्धं संपवलं, आणि वारा क्षणभर पडला. त्या शांततेत कोपऱ्यावरच्या मशिदीतून अजान सुरू झाली.

ती म्हणते, चमचा हातातच राहिला.

लग्नाआधीपासून, पाळीचे दिवस, बाळंतपणं आणि आजारपणं सोडली तर, तिचा एक रोजा चुकलेला नव्हता. साखर झाली, डॉक्टर ओरडले, तरी नाही. आता हा एक भरून द्यायचा, म्हणजे ईदनंतर एक दिवस परत रोजा. तिने ट्यूनर बंद केला, त्यावर जाळीचा रुमाल टाकला, वर फुलदाणी ठेवली. मला बोलावून म्हणाली, "बिशाराला कळता कामा नये. शपथ आहे तुला."

ईद झाली. एप्रिल लागला. एके दिवशी उस्ता बेकरीच्या रांगेत उभा होता आणि पुढे ईद्रीस. ईद्रीसच्या पोटात काही राहत नाही.

"हज्जासाठी एकच पाव नेतोय, संध्याकाळचा," तो म्हणाला. "तिचा रोजा आहे आज."

"ईद झाली ना?"

"एक भरून द्यायचा होता. वादळाच्या दिवशी पाच मिनिटं आधी सुटला म्हणे. रेडिओ कैरोला लागला होता. बघ की उस्ता, लोक कुठे कुठे जातात, आपला रेडिओ घरबसल्या कैरोला जाऊन आला!" आणि हा हसतोय.

उस्ताने पाव घेतलाच नाही. रांगेतून बाहेर आला. पन्नास वर्षं, हजारो पेट्या, आणि जिथे नियम मोडला तिथेच, जिच्या घरी पन्नासेक वेळा तो नाव येईपर्यंत बसला होता तिच्याच घरी. घरी जावं, मार्सेलला सांगावं की ठीक आहे, उद्यापासून शटर बंद, असं त्याच्या मनात आलं. ट्रामच्या थांब्यापर्यंत गेलाही. ट्राम आली आणि गेली, तो चढला नाही. मग दुकानातून हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या बिल्डिंगला आला आणि चार मजले चढला. मी पाचव्यावरून खाली डोकावून बघत होते. प्रत्येक वळणावर तो कठड्याला डोकं टेकायचा.

हज्जाने दार उघडलं. "बिशारा? मी तर बोलावलं नाही."

"असाच आलो. पेटी कशी चाललीये?"

"छान! एकदम छान चाललीये."

उस्ता आत गेला. फुलदाणी बघितली नाही, रुमाल बघितला नाही. ट्यूनरच्या डोक्यावर तळवा ठेवला. सकाळपासून चालू असलेली पेटी संध्याकाळी अंगात ताप असल्यासारखी कोमट लागते. ही गार होती, दगडासारखी.

"हज्जा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"रोजा आहे माझा, खोटं कशाला बोलू?"

"कशाचा रोजा?"

हज्जा म्हणाली, "ईद्रीसची जीभ कापली पाहिजे."

"पाच मिनिटं?"

"साडेपाच. मी घड्याळ लावून बघितलं नंतर."

उस्ता खुर्चीत बसला. त्याचे खांदे असे पडले की हज्जाला न दिसताही कळलं, असं ती म्हणते. तो म्हणाला, "मी नावासाठी थांबलो नाही. मला खात्री आहे म्हणालो. कसली खात्री? मला घरी जायचं होतं. मला फक्त बसायचं होतं कुठेतरी, हज्जा. मी बंद करतोय दुकान."

"बघ! म्हणूनच नव्हतं सांगितलं!" हज्जा कडाडली. "तुझी दया आली म्हणून नाही हां. तू दुकान बंद केलंस तर माझी पेटी कोण बघणार? तो ब्लूटूथवाला?"

"माझे डोळे गेलेत."

"माझे पण गेलेत. म्हणून मी काय घर बंद केलं? दोघांचे मिळून एका माणसाचे तरी होतील की नाही?"

"नाही होणार."

"तेही खरंच. पण बोटं आहेत. ऊठ."

फुलदाणी खाली उतरली. उस्ताने स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. त्याने तिचं बोट धरून दोरीवर ठेवलं, मोठ्या चाकापाशी. "ही घसरली तर सांगा." तो बटण फिरवू लागला, उजवा कान स्पीकरकडे करून. खरखर, एक गाणं, परत खरखर, मग पठण.

"हेच?" हज्जा.

"बोलू नका."

"अरे पण हेच ना?"

"नाव येऊ दे बाई!"

आणि मग ते दोघं बसून राहिले. ती बोट दोरीवर ठेवून, तो बटणाला हात लावून. सूर्य उतरत होता. हज्जाचं बोट दोरीवरून घसरायला लागलं, सकाळपासून पोटात काही नाही आणि साखरेची बाई. उस्ता म्हणाला, सोडा, परत लावू. ती म्हणाली, गप्प बस, तू पण उपाशीच आहेस. चाळीस मिनिटं! मी जिन्यात बसून ऐकत होते, माझेच पाय झोपले. शेवटी पठण संपलं आणि निवेदकाने घसा साफ केल्यासारखं केलं आणि म्हणाला, अलेक्झांड्रिया.

उस्ताने चिमटा दाबला. मग हज्जाकडून नेलपॉलिश मागून घेतलं. बाटली तळाशी सुकत आलेली. या वेळी ठिपका काचेवर नाही, बटणाच्या कडेवर लावला, आणि खाली पेटीवर एक दुसरा. थरावर थर, वाळू देत देत, मसुरीएवढा फुगेपर्यंत. मसूर मसुरीवर आली की अलेक्झांड्रिया. डोळ्यांचं कामच नको. हज्जाने बोट लावून बघितलं, बटण फिरवून लांब सोडलं, परत शोधलं. सापडलं. परत सोडलं, परत सापडलं. लहान मुलीसारखं चार वेळा केलं तिने.

अजान झाली. तरी ती थांबली. खिडकी उघडून कोपऱ्यावरची मशीद ऐकली, आणि मगच खजूर उचलला. उस्ता मान खाली घालून म्हणाला, "बरोबर आहे. आता विश्वास नाही राहिला."

"तुझ्यावर आहे. कैरोवर नाही," हज्जा म्हणाली, आणि सुपाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. मसुरीचंच सूप होतं. "घे. तूप नाही घातलं."

"तुम्हाला तूप लागतं ना सुपात?"

"ईद्रीस बेकरीहून आला आणि सांगितलं की तू पाव न घेताच निघून गेलास. मला कळलं तू येणार. तुमच्या उपासाला तूप चालत नाही ना, मग कसं घालू?"

उस्ताने खाल्लं. मग बसून राहिला, पिवळ्या दिव्याकडे तोंड करून. तो मला नंतर म्हणाला, "पोरी, मी इतका दमलोय की माफ केलेलं सुद्धा जड वाटलं उचलायला." आणि मला नुसतं रडू आलं.

त्याने दुकान बंद नाही केलं. अर्धं केलंय. शटर अर्ध्यावर असतं, कारण पूर्ण वर ढकलायला खांदा साथ देत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी असतो तो तिथे, मार्सेल डबा घेऊन येईपर्यंत. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळालीये, ती तो तिसऱ्यांदा पुढे ढकलतोय. म्हणतो, आधी हातातल्या दोन पेट्या होऊ देत. लोक अर्धं शटर बघून बंद समजतात आणि परत जातात. काल मीही तशीच पुढे जाणार होते.

म्हणून लिहिलं. तुमचं अलेक्झांड्रियाला कधी जाणं झालं तर अत्तारीनमध्ये जिन्याखालचं अर्धं शटर शोधा, वाका आणि आत जा. पेटी नसली तरी जा. आणि तिकडे जाणं होणार नसेल तर तुमच्या गल्लीत असा कोणी असेलच, ज्याच्याकडे तुम्ही पूर्वी जायचात आणि आता दुकान बंद झालं असेल असं धरून चाललाय, त्याच्याकडे जा. या आठवड्यातच जा. आणि गेलात की लगेच उठू नका, नाव येईपर्यंत बसा.